कारखान्याची दक्षिण भिंतच हीटर करा

कॅनडासारख्या थंड प्रदेशातल्या कारखान्यात इंधनाचा मोठा भाग बाहेरून घेतलेली ताजी हवा तापवण्यात जातो. म्हणून उन्हावर पाणी तापवून ते नळ्यांतून फिरवण्याआधी छिद्रांच्या भिंतीचा विचार करा: उन्हाने तापलेल्या पत्र्याच्या छिद्रांतून आत येताना हवा तापते.

दक्षिणेकडच्या भिंतीपासून साधारण १५ ते २० सेंमी अंतरावर गडद रंगाचा, दीड-एक मिलिमीटर छिद्रांचा पत्रा बसवा. कडा सीलबंद करा. वरच्या बाजूला पंखा लावून पोकळीतली हवा आत ओढा. काच लागत नाही, पाणी नसल्याने गोठण्याची भीती नाही आणि भिंतीतून निसटणारी उष्णताही परत मिळते.

आकारमान हवेवरून ठरवा. दर चौरस मीटरला तासाला सुमारे १०० घनमीटर हवा धरली, तर चांगल्या उन्हात तापमान १० ते १२ अंशांनी वाढते. तासाला १०,००० घनमीटर हवेला १०० चौरस मीटर पत्रा लागेल. हवा कमी ओढली तर ती जास्त तापते, पण पत्राही तापतो आणि एकूण उष्णता कमी मिळते.

पत्र्यावरील दाबफरक, म्हणजे पत्र्याबाहेरच्या आणि पोकळीतल्या हवेच्या दाबातला फरक, कमी पडला तर बिघाड होतो. तो किमान २५ पास्कल ठेवा, नाहीतर वाऱ्यात वरच्या छिद्रांतून गरम हवा बाहेर निसटते. रंगकामाच्या किंवा बॉयलरच्या धुराड्याजवळ पत्रा कधीही लावू नका, धूर थेट कामगारांच्या श्वासात जाईल. उन्हाळ्यासाठी थेट बाहेरची हवा घेणारी बायपास झडप हवीच. रात्रीसाठी जुना हीटर ठेवा.