लॅपटॉप आणि डेस्कटॉपच्या प्रोसेसरची तुलना करताना या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की नागपूरच्या बर्डीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत गर्दी वाढते आणि काउंटरवर एकच प्रश्न ऐकू येतो: "यात आय-सेव्हन आहे ना?" आय-सेव्हन म्हणजे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची एक वरची श्रेणी. दुकानदार हो म्हणतो, आणि तो खरंच बोलत असतो. पण एवढ्यावर खरेदी केली, तर घरच्यांचे पैसे चुकीच्या जागी जातात.

नाव सारखं म्हणजे चिप सारखी, हा समज

इंटेलच्या दोन चिप, म्हणजे प्रोसेसर, शेजारी ठेवून पाहू. दोन्ही तेराव्या पिढीच्या. लॅपटॉपमधली कोअर आय7-1355यू आणि डेस्कटॉपमधली कोअर आय5-13400. दोन्हींत 10 कोअर (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग). लॅपटॉपवालीचा कमाल वेग 5 गिगाहर्ट्झ, डेस्कटॉपवालीचा 4.6. जाहिरातीचा कागद वाचणारा कुणीही लॅपटॉपचं पारडं जड म्हणेल.

आता आत डोकावू. लॅपटॉपच्या त्या 10 कोअरपैकी ताकदवान कोअर फक्त 2, उरलेले 8 वीज वाचवणारे, छोटे. डेस्कटॉपमध्ये 6 ताकदवान आणि 4 छोटे. लॅपटॉपची चिप 15 वॅटच्या हिशोबाने बनवलेली आहे, थोड्या वेळासाठी ती 55 वॅटपर्यंत जाते. डेस्कटॉपची मूळ मर्यादाच 65 वॅट, आणि जोर लावला तर 148. एक्सेलची फाइल उघडायला, टॅलीत नोंदी करायला दोन्ही सारख्याच चपळ वाटतील. तासाभराचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला लावा किंवा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (अंतिम चित्र तयार करायला) टाका, मग तो आय-फाइव्ह त्या आय-सेव्हनच्या पुढे निघून जातो.

म्हणून आकड्यापेक्षा शेवटचं अक्षर आधी वाचा. यू म्हणजे कमी विजेवर चालणारी, एच म्हणजे जास्त ताकदीची (बहुधा 45 वॅटची), एचएक्स म्हणजे जवळपास डेस्कटॉपचीच चिप लॅपटॉपमध्ये बसवलेली. डेस्कटॉपच्या चिपमागे एफ असेल तर तिच्यात ग्राफिक्स (पडद्यावर चित्र दाखवणारा भाग) नाही. वेगळं कार्ड घ्यावंच लागतं.

इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्या लॅपटॉपच्या रायझन 7000 मालिकेत तर तिसरा आकडा बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका, चिपची आतली रचना तोच सांगतो. रायझन 5 7520यू आणि रायझन 5 7540यू ही नावं जुळ्या भावांसारखी वाटतात. पहिल्यात जुनी झेन 2 रचना आणि 4 कोअर आहेत. दुसऱ्यात झेन 4 आणि 6 कोअर.

दोन मिनिटांच्या चाचणीवर विश्वास ठेवणं

प्रोसेसर सुरुवातीला पूर्ण जोर लावतो, मग चिप तापते आणि ठरलेल्या मर्यादेवर खाली येतो. लॅपटॉपमध्ये हा उतार फार लवकर येतो, कारण पातळ बॉडीत उष्णता बाहेर टाकायला एक-दोन छोटे पंखे असतात. शिवाय किती वॅट द्यायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. त्यामुळे एकच चिप असलेल्या दोन लॅपटॉपच्या वेगातही मोठा फरक पडतो.

छोट्या चाचणीत हे दिसत नाही. सिनेबेंच आर23 या प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमधली दहा मिनिटांची चाचणी चालवा आणि शेवटचा गुण बघा. आर23 चा गुण सिनेबेंच 2024 च्या गुणाशी ताडून पाहू नका, दोन्हींची मोजपट्टीच वेगळी आहे. आणि चाचणीच्या वेळी चार्जर लावलेला हवा. बॅटरीवर बरेच लॅपटॉप स्वतःहून हात आखडता घेतात. विंडोजच्या सेटिंगमध्ये पॉवर मोड "बेस्ट परफॉर्मन्स"वर आहे ना, तेही बघून घ्या.

खोलीचं तापमान विसरणं

इंटरनेटवरच्या बहुतेक चाचण्या गार खोलीत झालेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, आणि दुपारी वरच्या मजल्यावरची खोली भट्टी होते. पंखा चिपवर जी हवा फेकतो ती खोलीतलीच. इंटेलच्या बऱ्याच चिप 100 अंशांच्या आसपास पोचल्या की स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. म्हणजे खोली दहा अंशांनी तापली, तर चिपला मिळणारी मोकळीकही जवळपास तेवढीच घटते. डेस्कटॉपचा मोठा कूलर हे पुष्कळसं पचवतो. लॅपटॉपला ते जमत नाही.

उन्हाळ्यात लॅपटॉप अचानक मंद झाला तर लगेच विंडोज नव्याने टाकायला धावू नका. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर या आणि जड काम सुरू करा. वापर 100 टक्के दिसतोय, पण वेग साडेतीन-चार गिगाहर्ट्झवरून घसरत दोनच्या आसपास येतोय? मग एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये चिपचं तापमान तपासा. ते मर्यादेला टेकलं असेल तर दोष उष्णतेचा. तापमान बरंच खाली असूनही वेग पडत असेल, तर कंपनीने घातलेली वॅटची मर्यादा किंवा मूळ नसलेला, कमी वॅटचा चार्जर हे कारण असू शकतं.

उष्णतेवर पहिला इलाज म्हणजे सफाई. दोन उन्हाळे वापरलेला लॅपटॉप उघडला, की पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधोमध राखाडी धुळीची पट्टी चिकटलेली दिसते. पंखा फिरतो, आवाजही करतो, पण हवा बाहेर पडत नाही. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते वेड्यासारखं फिरून बेअरिंग खराब होतं. जुनी थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर न्यायला लावलेला लेप) सुकली असेल तर तीही बदलून घ्या. आणि खोलीतल्या पाण्याच्या कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप कधीच ठेवू नका. त्या हवेबरोबर पाण्याचे तुषारही येतात.

डेस्कटॉप म्हणजे वेगवान असंच धरून चालणं

ही उलटी चूकही होते. स्वस्तात मिळतो म्हणून आय7-4770 चा जुना डेस्कटॉप घेतला जातो. ती चिप 2013 ची, 4 कोअरची. आजचा साधा यू मालिकेतला आय-फाइव्ह लॅपटॉप तिला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज 11 साठी ती अधिकृत यादीत नाही, आणि विंडोज 10 चा अधिकृत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. पिढी बघितल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

रॅमचंही तसंच. 16 जीबीची एकच पट्टी आणि 8-8 च्या दोन पट्ट्या यांत, चिपमधलंच ग्राफिक्स वापरत असाल तर दोन पट्ट्यांचा वेग ठळकपणे जास्त दिसतो. तुलना करताना दोन्हीकडे पट्ट्या सारख्या ठेवा.

किमतीची तुलना करताना डेस्कटॉपच्या बाजूला मॉनिटर, कीबोर्ड आणि यूपीएस धरा. 600 व्हीएचा (व्हीए म्हणजे यूपीएसच्या क्षमतेचं माप) नेहमीचा यूपीएस साधारण 360 वॅटपर्यंतच भार उचलतो. त्यावर ग्राफिक्स कार्डवाला पीसी आणि मॉनिटर दोन्ही लावून रेंडर चालू असताना लाइट गेली, तर तो जागीच बंद पडू शकतो. असा पीसी घ्यायचा असेल तर 1 केव्हीए (1000 व्हीए) किंवा त्याहून मोठ्या यूपीएसचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.