गोव्याहून कुंझुम खिंडीकडे गाडी नेताना

हिमाचलमधील कुंझुम खिंड सुमारे 4,550 मीटर उंचीवर असून ती साधारणपणे जून ते ऑक्टोबर या काळात खुली असते. गोव्याहून तेथे गाडी नेणाऱ्याने आधी दिशा ठरवावी. मनालीमार्गे अंतर कमी पडते, पण समुद्रकाठी वाढलेल्या शरीराला एका दिवसात एवढी उंची सोसत नाही. म्हणून सिमला, कल्पा, ताबो असे मुक्काम करत स्पिती खोऱ्यातील काझाला पोहोचावे आणि तेथे दोन रात्री काढून मगच खिंड चढावी. डोके दुखत असतानाच उलट्या होऊ लागल्या किंवा तोल जाऊ लागला, तर विलंब न लावता खाली उतरावे. मिरामारला रोज धावणाऱ्यालाही यातून सूट नाही.

खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या 57 टक्क्यांच्या आसपास असतो आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते, त्यामुळे चोर्लेच्या घाटात तिसऱ्या गिअरवर चढणारी गाडी येथे पहिल्यावर धापा टाकते. म्हापशाच्या बाजारात घेतलेले काजूचे पाकीट काझाला उशीसारखे फुगलेले असते. टायरमधील हवाही तशीच जोर करते. म्हणून सकाळी टायर गार असताना दाब पुन्हा मोजावा आणि दगडाळ वाटेसाठी तीन-चार पीएसआय उतरवावा, त्याहून जास्त उतरवल्यास धारदार दगड टायरची बाजू कापतात. काझाला टाकी पूर्ण भरावी, कारण पुढे मनाली-लेह रस्त्यावरील ग्राम्फूच्या फाट्यापर्यंत, आणि तेथेही, पंप नाही.

खरी कसोटी खिंडीपलीकडे, बातल ते छत्रू या पट्ट्यात लागते, कारण तेथे नाले रस्त्यावरूनच वाहतात. आपल्याकडचा व्हाळ पाऊस थांबला की ओसरतो. हे नाले मात्र बर्फ वितळल्याने कडक उन्हातच फुगतात, आणि पहाटे घोट्याएवढे असलेले पाणी दुपारी गुडघ्याला लागू शकते. काझाहून येणाऱ्याने त्या दिवशी पुढे जाण्याचा हट्ट न धरता बातलला थांबून सकाळी नाले ओलांडावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाण्यात गाडी घालण्यापूर्वी काठी घेऊन पायी उतरावे आणि तळाचे मोठे दगड चाचपून चाकांची वाट मनात ठरवावी. मग फोर-लोमध्ये (चारही चाकांना संथ वेगात जास्त जोर देणाऱ्या जोडणीत), पहिल्या गिअरवर, क्लचवरचा पाय पूर्ण काढून एकाच संथ वेगाने जावे. मध्ये गिअर बदलू नये. गाडी पाण्यात बंद पडल्यास स्टार्टर मारण्याचा मोह टाळावा, कारण इंजिनात पाणी शिरले असल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी एअर फिल्टर उघडून तो कोरडा आहे का ते पाहावे. पलीकडे गेल्यावर थोडे अंतर ब्रेक हलके दाबत चालवावे, म्हणजे पुढच्या उतारापूर्वी ते सुकतात.