चिकटवही, पण शक्यतो न चिकटवता

माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली की बोरन्हाणाचे फोटो, कुंची, पहिलीचं प्रगतिपुस्तक, मामाचं निळं आंतरदेशीय, सगळं एकदम हाती लागतं. लगेच डिंकाची बाटली शोधू नका. नाव चिकटवही असलं तरी तिच्यात चिकटवायचं अगदी कमी असतं.

१. हे काम पावसाळ्यात काढू नका, दमट हवेत फोटो एकमेकांना चिकटतात. दिवाळीनंतर बसा. हात धुऊन कोरडे करा, फोटो कडेने धरा. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना आधी काढा; गंजाचा डाग जात नाही.

२. आता घरातल्या जाणत्या माणसांना गाठा. खरं काम हेच, आणि ते पुढे ढकलता येत नाही. फोटोत डावीकडून कोण कोण, वाडा कुठला, बारसं कुणाचं, हे विचारत जा आणि मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करा. मागच्या रांगेतली चौथी बाई कोण यावर आत्या आणि काकूंचं जुंपलं, तर दोन्ही नावं लिहून ठेवा. जुन्या कृष्णधवल फोटोंच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, न दाबता लिहा. बॉलपेनचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. रंगीत फोटोंची पाठ गुळगुळीत असते, तिथे पेन्सिल चालत नाही. त्यांची नावं वहीच्या पानावर.

३. सगळं ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. वर्तमानपत्राचं कात्रण स्वतः पिवळं पडतं आणि शेजारच्या फोटोलाही डागाळतं, म्हणून वहीत त्याची झेरॉक्स लावा. मशीनमधून निघालेल्या बसच्या तिकिटावरची अक्षरं उडतात, त्याचंही तसंच.

४. वहीचा कागद ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला घ्या. फोटो कागदी कोपऱ्यांत अडकवा, जुन्या काळ्या पानांच्या अल्बममध्ये असायचे तसे. आंतरदेशीय पत्रासाठी पानावर कागदाचा खिसा करा, म्हणजे ते काढून वाचता येईल. सेलोटेप, लॅमिनेशन आणि उग्र वासाची पीव्हीसी पाकिटं नकोत, पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकची चालतात. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका. आधी पानाचा फोटो घ्या, मग दात साफ करायचा फ्लॉसचा दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवा. तरीही निघाला नाही, तर राहू द्या तिथेच.

५. हलव्याचे दागिने वहीत नकोत, मुंग्या येतात. त्यांचा फोटो पुरे. कुंची खळ न घालता धुवा, पूर्ण वाळवा आणि मलमलीत गुंडाळून वेगळी ठेवा. सजावटीसाठी तिचा तुकडा कापायचा मोह होईल, मला झाला होता. कापू नका.

वही कपाटात आडवी ठेवा. माळ्यावर ऊन तापतं आणि बाहेरच्या भिंतीला ओल येते, त्या दोन्ही जागा टाळा. शेजारी डांबरगोळ्या नकोत. कसर दिसते का, ते अधूनमधून पाहा. आणि शेवटची चार-पाच पानं कोरी सोडा, पेटीच्या तळाशी घातलेल्या कागदाखाली अजून एखादं पाकीट निघतंच.