डोक्याला मार लागलेले तरुण पेशंट: नव्या ओटीवाल्यांसाठी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट)

बीओटीची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या (रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून दिलेल्या उपचारांच्या) पदवीची इंटर्नशिप संपवून न्यूरोच्या वॉर्डात जाणार असाल, तर हे वाचून जा. आमच्याकडे हेड इंज्युरीचे बरेचसे पेशंट विशी-तिशीतले, बाइकवरून पडलेले. पॅरॅलिसिसच्या आजोबांवर शिकलेलं सगळंच इथे चालत नाही.

फाइलवर 'जीसीएस 15' दिसलं की नवा माणूस निर्धास्त होतो. पेशंट किती शुद्धीत आहे हे सांगणाऱ्या 3 ते 15 च्या या मोजपट्टीत (ग्लासगो कोमा स्केल) पंधराचा अर्थ एवढाच, की पेशंट आपणहून डोळे उघडतो, नीट बोलतो, सांगितलेलं करतो. सकाळी काय खाल्लं ते आठवतं का, राग आवरतो का, हे त्यात कुठेच नाही. घरच्यांचं खरं दुखणं मात्र तेच. मुलगा चालायला लागला की डिस्चार्ज होतो आणि थोड्याच दिवसांत बायको ओपीडीत येऊन म्हणते, "चालतात हो, पण हे आमचे हे नाहीतच."

सुरुवातीला पेशंट सलाइन ओढतो, शिव्या देतो. तेव्हा काही शिकवायला जाऊ नका, त्याच्या लक्षात राहणार नाही. जवळ एकच नातेवाईक, कमी आवाज, समोर कॅलेंडर, रोज तीच माणसं. मित्रांचा घोळका बाहेर काढायचं काम वॉर्डातल्या मावशी आपल्यापेक्षा चांगलं करतात.

पुढे चहा करायला लावा. एकाने पाणी ठेवलं, साखर टाकली आणि चहा पावडरचा डबा हातात धरून तसाच उभा राहिला. पाणी आटत चाललेलं. "पावडर टाक" असं तोंडावर येतं, पण जरा थांबा, नेमकं कुठे अडतंय ते बघा. नंतर ओट्यावर पायऱ्यांची चिठ्ठी लावली आणि अडला की तिच्याकडे बोट दाखवायचं ठरवलं. स्मरणशक्तीची कोडी वगैरे मला फारशी पटत नाहीत. मोबाइलचा अलार्म आणि वही जास्त उपयोगी पडते. आणि चोवीस वर्षांच्या कमावत्या माणसाला "शाब्बास बाळा" म्हणू नका.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मेंदूची इजा वेगळी नोंदलेली नाही. त्यामुळे हातपाय धड, पण कामावर टिकत नाही, असा मुलगा सर्टिफिकेटच्या वेळी अडकतो. 'कॉग्निशन फेअर' (आकलन, स्मरण ठीकठाक) लिहून मोकळे होऊ नका. चहा करताना काय झालं, ते सविस्तर लिहा.

बाइकची किल्ली कोणाकडे राहणार, हेही डिस्चार्जआधी घरच्यांशी बोलून ठरवा. फिट येण्याचा धोका असतो, आणि आपल्यात काही बिघडलंय हे पुष्कळदा त्या मुलाला पटलेलंच नसतं.