नवी गाडी घेताना पत्रा कसा पारखावा आणि शोरूममधील नको ते खर्च कसे नाकारावेत

नवी गाडी पाहायला गेल्यावर 'या गाडीचा पत्रा एकदम दणकट आहे' असे सांगितले जाते आणि बुकिंगची रक्कम भरून झाली की 'अँटी-रस्ट (गंजरोधक लेप) करून घ्या, नाहीतर पावसाळ्यात पत्रा सडेल' असा आग्रह त्याच टेबलावर सुरू होतो. या दोन्हींतले खरे किती हे ओळखायचे असेल, तर किमतीची बोलणी करण्याआधी गाडीचे अंग कशाचे बनले आहे हे समजून घ्यावे. शोरूममध्ये गळ्यात मारल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी या एका माहितीने बाजूला पडतात.

पहिले काम म्हणजे दार ठोकून किंवा बॉनेट अंगठ्याने दाबून मजबुती ठरवण्याची सवय सोडणे. बहुतेक गाड्यांचा बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो आणि बंपर तर प्लास्टिकचेच असतात. धडकेत माणूस वाचतो तो आतल्या सांगाड्यामुळे, म्हणजे दारांमधले खांब, उंबऱ्याखालची पट्टी आणि छताची चौकट यांमुळे. हे भाग उच्च ताकदीच्या पोलादाचे असतात आणि काही गाड्यांत ते बोरॉनयुक्त पोलाद ९०० अंशांच्या आसपास तापवून, साच्यातच झटकन थंड करून घडवलेले असतात. तेव्हा 'पत्रा किती जाड?' असे न विचारता भारत एनकॅपचा, म्हणजे गाड्या आदळवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या सरकारी चाचणीचा निकाल मागावा. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या या चाचणीत गाडी समोरून ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवली जाते आणि तिचे निकाल सर्वांसाठी खुले असतात.

दुसरे काम म्हणजे गंजाचा विषय नीट समजून घेणे, कारण भीती घालून सर्वांत जास्त पैसे याच नावाखाली काढले जातात. कारखान्यात गाडीचा संपूर्ण सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवतात आणि विजेच्या प्रवाहाने तो प्रायमर पोकळ भागांच्या आतल्या बाजूंवरही चढवतात. बऱ्याच गाड्यांत महत्त्वाच्या भागांच्या पत्र्यावर जस्ताचा थरही असतो. ओरखडा पोलादापर्यंत गेला, तरी जस्त आधी झिजते आणि पोलाद वाचते. म्हणून आपल्या मॉडेलचे कोणते भाग जस्तलेपित आहेत आणि गंजासाठी कंपनीची वॉरंटी किती वर्षांची आहे, हे लेखी विचारावे.

किनारपट्टीवर खाऱ्या हवेमुळे जादा संरक्षणाला अर्थ आहे, पण ते काम घाईने झाले तर फायद्याऐवजी नुकसान होते. रत्नागिरीत माझ्या बहिणीच्या गाडीला ताबा देण्याआधीच काळा लेप मारून ठेवला होता. दुसऱ्या पावसाळ्यात दार उघडताना आत पाणी डचमळल्याचा आवाज येऊ लागला. दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरून जाण्यासाठी छोटी छिद्रे असतात आणि ती सगळी त्या लेपाने बुजली होती. मी दाभणाने एकेक छिद्र मोकळे केले, तेव्हा गंजाने तांबडे झालेले पाणी बाहेर आले. ज्या लेपासाठी तिने पैसे मोजले, त्याच लेपाने दार आतून गंजवले होते. लेप करून घ्यायचाच असेल तर नोंदणीनंतर, आपल्या खात्रीच्या ठिकाणी आणि स्वतः समोर उभे राहून करून घ्यावा. टेफ्लॉनच्या नावाने विकला जाणारा थर काही महिन्यांत उतरतो, आणि सिरॅमिक थराने रंगाची चमक टिकली तरी दगडाचा टवका थांबत नाही.

तिसरे काम कोटेशनचे. एक्स-शोरूम किंमत, आरटीओचा कर व नोंदणी शुल्क, विमा आणि फास्टॅग या ओळी ठरलेल्या असतात. किंमत १० लाखांच्या वर असेल तर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच गोळा करायचा आयकर लागतो, पण तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. याखेरीज हँडलिंग, लॉजिस्टिक्स, 'बेसिक किट' अशा नावांनी जे लिहिलेले असेल, त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे बोट ठेवून हा खर्च कोणत्या नियमाने बंधनकारक आहे ते विचारावे आणि उत्तर ईमेलवर मागावे. लेखी उत्तर मागितले की यातल्या कित्येक ओळी आपोआप गळून पडतात.

विम्याबाबत ठाम राहावे. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड-पार्टी विमा सक्तीचा आहे, मात्र तो शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही. त्याच संरक्षणाचे बाहेरचे कोटेशन आधी काढून सोबत न्यावे. 'बाहेरून विमा घेतला तर गाडी उशिरा मिळेल' किंवा 'अ‍ॅक्सेसरी घेतल्याशिवाय बुकिंग होणार नाही' असे कोणी म्हटले, तर एका वस्तूच्या विक्रीला दुसऱ्या वस्तूची अट घालणे हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार निर्बंधक व्यापारी प्रथेत मोडते, हे शांतपणे सांगावे.

चौथे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि ते नोंदणी व पूर्ण रक्कम भरणे यांच्या आधीच करावे. यार्डात उभ्या असताना ठोकर लागलेल्या गाड्या डेंटिंग-पेंटिंग करून नव्या म्हणून दिल्या जाऊ शकतात, म्हणून आपल्या नावावर लावलेली गाडी दिवसाउजेडी पाहावी. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चासी क्रमांक फॉर्म २२ वरील, म्हणजे कंपनीने दिलेल्या गाडीच्या प्रमाणपत्रावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. टायरवरील, तो कधी बनला हे सांगणारे चार आकडे वाचावेत. १२२५ म्हणजे २०२५ सालचा बारावा आठवडा. बॉनेट उघडून फेंडरचे, म्हणजे पुढच्या चाकांवरच्या पत्र्याचे बोल्ट पाहावेत; त्यांच्या डोक्यावरचा रंग तुटलेला असेल तर पाना लागलेला आहे. रंगाची जाडी मोजणारे यंत्र मिळाले तर उत्तम, कारण कारखान्यातील रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि पुन्हा रंगवलेल्या भागावर आकडा एकदम वर जातो. शंका आली तर तिथेच फोटो काढावेत, दुसरी गाडी मागावी आणि तोपर्यंत नोंदणीच्या कागदांवर सही करू नये.

शोरूमने दाद दिली नाही तर व्यवस्थापक आणि कंपनीचा ग्राहक सेवा विभाग या दोघांनाही एकच ईमेल पाठवावा, त्याला कोटेशन व फोटो जोडावेत आणि उत्तरासाठी तारीख द्यावी. ती तारीख उलटली की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक त्याच ईमेलच्या साखळीत कळवावा.