जी-सूट वापरताना या चुका टाळा

लढाऊ विमान वेगात तीव्र वळण घेते तेव्हा वैमानिकाचे रक्त डोक्याकडून पायांकडे ओढले जाते. आधी दिसणारे रंग फिकट होतात, मग कडेचे दिसेनासे होते आणि तरीही वळण सैल केले नाही तर शुद्ध हरपते. ही ओढ थोपवण्यासाठी पोट, मांड्या आणि पोटऱ्यांवर हवेच्या पाच पिशव्या असलेला जी-सूट घालतात. जी म्हणजे शरीरावरचा भार मोजण्याचे माप; 1 जी म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाएवढा नेहमीचा भार. सुमारे 2 जीच्या पुढे इंजिनाकडून येणारी हवा झडपेतून त्यांत भरू लागते.

सर्वांत घातक चूक म्हणजे सगळा भार सूटवर टाकून निवांत बसणे. अंग सैल सोडून बसलेला माणूस साधारण 4 ते 5 जीपर्यंत शुद्धीवर राहतो आणि सूट त्यात जेमतेम 1 ते 1.5 जीची भर घालतो. 9 जीपर्यंतचे उरलेले अंतर वैमानिकाने स्वतःच्या स्नायूंनी कापायचे असते. त्यासाठी पाय, नितंब आणि पोट वळण सुरू होण्याआधीच आवळावे लागतात, कारण अंधारी आल्यावर केलेला जोर बहुधा उशिरा पडतो. श्वास रोखून छातीत दाब धरावा आणि दर 3 सेकंदांनी झटकन सोडून लगेच घ्यावा. अनेक जण नेमका इथेच लांब उच्छ्वास सोडतात, त्यामुळे छातीतला दाब उतरतो आणि मेंदूचा रक्तपुरवठाही घटतो.

सूट सैल असेल तर पिशवी शरीर दाबण्याऐवजी आधी मोकळी जागा भरते आणि दाब उशिरा येतो. म्हणून वजन बदलले की लेस पुन्हा बसवून घ्याव्यात. आतल्या कपड्याची चुणी किंवा खिशातले पेन फुगलेल्या पिशवीखाली चांगलेच रुतते.

सूट फुगतच नसेल तर प्रथम नळीची जोडणी पाहावी; ती पट्ट्याखाली दुमडलेली असणे ही नेहमीची भानगड आहे. उड्डाणापूर्वी झडपेवरचे चाचणीचे बटण दाबून पोट आणि दोन्ही पाय आवळले जातात का, हे तपासावे; एखादा भाग ढिला राहिला तर झिप आणि गळती तपासल्याशिवाय निघू नये. 1942 मध्ये दुसऱ्या महायुद्धात वापरलेला कॅनडाचे संशोधक विल्बर फ्रँक्स यांचा सूट पाण्याने भरलेला होता, त्यामुळे त्याला झडपेची कटकट नव्हती. मात्र तो वागवणे जिकिरीचे होते.

उणे जीमध्ये, म्हणजे भार उलट्या दिशेने पडतो तेव्हा, रक्त डोक्याकडे चढते, तिथे हा सूट निरुपयोगी असतो. शिवाय उणे जीनंतर लगेच जोरात विमान खेचले तर एरवीपेक्षा कमी जीलाच अंधारी येते. पाणी कमी प्यायलेले असेल किंवा झोप अपुरी असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते, आणि त्यावर सूट कितीही घट्ट बांधला तरी उपाय होत नाही.