हातभर अंतर आणि ७ किलोमीटरचा वळसा

आमच्या मळ्यातून पाणंदीने मोरी ओलांडली की डांबरी रस्ता लागतो. सायकलने पाच मिनिटं. ओपनस्ट्रीटमॅपवर (कुणीही भर घालू शकेल अशा ऑनलाइन नकाशावर) मार्ग शोधला, तर गावाला वळसा घालून ७ किलोमीटर! गंमत म्हणजे ती पाणंद गेल्या दिवाळीत मीच नकाशावर काढली होती.

आधी वाटलं, टॅग, म्हणजे वाटेचा प्रकार सांगणारी नोंद, चुकला. पण तो ‘ट्रॅक’च (शेतरस्ता) होता, फाटकबिटकही नव्हतं. मार्ग शोधणारा ओएसआरएम हा प्रोग्राम सोडून ग्राफहॉपर या दुसऱ्या प्रोग्रामवर पाहिलं, तिथेही तेच. शेवटी आयडी एडिटरमध्ये, म्हणजे नकाशात बदल करायच्या साधनात, पार आत झूम केलं, तेव्हा दिसलं: पाणंदीची रेघ रस्त्याच्या हातभर अलीकडेच थांबलेली. आपल्या डोळ्यांना ती जोडलेलीच वाटते. मार्ग शोधणारा प्रोग्राम मात्र दोन्ही वाटांचा एकच सामायिक बिंदू, म्हणजे नोड, असेल तरच वळतो. (अशा जागी एडिटर इशारा देतो. मी वाचला नसणार.) टोक ओढून रस्त्यावर सोडलं, नोड चिकटला, सेव्ह केलं.

नकाशात बदल थोड्याच वेळात उमटला, मार्ग मात्र जुनाच. पुन्हा डोकं खाजवलं. रूटिंगचे, म्हणजे मार्ग शोधून देणारे, सर्व्हर आपला डेटा मागाहून, सवडीने ताजा करतात हे विसरलोच होतो. दोन दिवसांनी पाहिलं: १.२ किलोमीटर.